मान लववताना

२०१७ सालच्या उपवासकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. देवळात क्रुसाच्या वाटेची भक्ती चालली होती. पहिल्या स्थानापाशी गुडघे टेकून मी मान लववली आणि मानेपासून पाठीच्या कण्यातून थेट टाचांपर्यंत विजेची एक बारीक लहर सळसळत गेली. मान वर केली, लहर नाहीशी झाली. दुसऱ्या स्थानापाशी पुन्हा तेच. चौदाव्या स्थानापर्यंत पोहोचलो तेव्हा मला तिची जवळजवळ सवय झाली होती. सॅक्रिस्टीत झगा उतरवताना मनात आले, उपवासाने अशक्तपणा आला असावा. आज तो विचार आठवला की हसू येते, कारण त्या वर्षी मी उपवास काही फार कडक केले नव्हते.

मान तशी दीड-दोन वर्षांपासून दुखत होती. पण मान दुखणे हा आजार म्हणून आपल्याकडे गणतो कोण? धर्मग्रामाच्या नोंदवह्या लिहिताना ती अवघडायची, वसईच्या पावसाळी रस्त्यांवरून स्कूटर चालवली की आखडायची. कुणी उशी बदला म्हणे, कुणी उशीच घेऊ नका म्हणे. कुणी तिळाचे तेल आणून देई, कुणी गरम पाण्याची पिशवी. “फादर, मणक्यात गॅप आला असेल,” हे निदान तर देवळाच्या आवारात मला निदान वीस जणांनी फुकट दिले. महिन्यातून एकदा केस कापून झाल्यावर न्हावी सवयीने माझी मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून देई आणि घटकाभर बरे वाटे. त्या घटकाभराच्या सुखावर मी दोन वर्षे काढली.

हाताला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा मात्र मी डॉक्टरांकडे गेलो. मला मधुमेह आहे. मुंग्या मधुमेहाने येतात, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतात, मनगटातील मज्जातंतू दाबला गेल्यानेही येतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि ज्यांनी मला तपासले त्यांनी त्या एकेक करून पाहिल्या, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. दोष माझा होता. मी त्यांना अर्धेच सांगितले होते. हाताच्या मुंग्या सांगितल्या, पण झग्याची बटणे लावायला हल्ली दहा मिनिटे लागतात हे सांगितले नाही. नोंदवहीतले माझे अक्षर, ज्याचे सेमिनरीत कौतुक होत असे, ते एका वर्षात कोंबडीच्या पायांसारखे झाले आहे हे सांगितले नाही. क्रुसाच्या वाटेवरची वीज तर अजिबातच सांगितली नाही. त्या गोष्टी मला आजाराच्या वाटल्याच नव्हत्या. वयाच्या वाटल्या. तेव्हा मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होतो.

ज्यांनी ओळखले त्या एक सिस्टर होत्या. दवाखान्यात आयुष्य घालवलेल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्या सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ख्रिस्तशरीर देताना महिन्याभरात दोनदा पवित्र भाकर माझ्या बोटांतून निसटली होती. दोन्ही वेळा सेवक मुलाने तबकडी पुढे धरली म्हणून निभावले.

“फादर, पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावायला कधीपासून लागलात?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “सिस्टर, हातांना मुंग्या येतात एवढंच. औषध चालू आहे.”

“मुंग्यांचं नाही विचारलं मी. पायांचं विचारलं.”

मी विचार करू लागलो आणि मला उत्तर सापडेना. खरेच, कधीपासून? वेदीच्या तीन पायऱ्या मी गेल्या ईस्टरला कशा उतरलो होतो? अंधारात देवळाचे दिवे लावायला जाताना मी भिंत धरून का चालत होतो? रात्री लघवीची घाई इतकी की दारापर्यंत पोहोचेतो धीर निघत नाही, हे मी कुणाला सांगणार होतो?

“हात आणि पाय दोन्ही एकदम बिघडू लागले की मधे कुठेतरी बघायचं असतं,” सिस्टर म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोटाने स्वतःच्या मानेवर त्यांनी टिचकी मारली.

पुढच्याच आठवड्यात मुंबईतील एका रुग्णालयात मेंदू आणि मज्जारज्जूच्या शल्यविशारदांसमोर मी बसलो होतो. त्यांनी आधी यंत्र लावले नाही. मला सरळ रेषेत, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून चालायला सांगितले. मी तीन पावलांत भिंतीवर गेलो. पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगितले, मी झुललो. मग माझ्या मधल्या बोटाच्या नखावर त्यांनी एक टिचकी मारली आणि माझा अंगठा, मी न सांगता, आतल्या बाजूला मिटला. मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावे तसा पाहत राहिलो. शेवटी ते म्हणाले, “दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण उघडा आणि पूर्ण मिटा.” निरोगी माणूस वीस वेळा किंवा त्याहून अधिक करतो. माझी अकरा झाली.

मानेविषयी त्यांनी मला जे समजावले ते मी आमच्या लोकांना सांगतो तसे इथे सांगतो. मानेत सात मणके असतात. त्यांच्यामध्ये मऊ चकत्या असतात आणि मणक्यांच्या मागच्या बोगद्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. जाडी सुमारे करंगळीएवढी. त्यातून दोन्ही बाजूंना आठ-आठ मज्जातंतू फुटतात आणि खांद्यांना, हातांना जातात. वयानुसार चकत्या सुकतात, फुगवटा धरतात, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात. एवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पन्नाशी-साठीच्या पुढे ज्यांची मान कधी दुखलेली नाही अशांच्याही चित्रांत हे बदल दिसतात. म्हणून मान दुखली की धावत जाऊन चित्र काढणे आणि ‘गॅप’ हा शब्द घेऊन घरी येणे हा उद्योग मला पटत नाही. साधी अवघडलेली मान बहुधा काही आठवड्यांत आपली आपण सुटते.

त्या फुगवट्याने एकच तंतू दाबला गेला तर एकाच हातात कळ उतरते, अंगठ्याकडे, मधल्या बोटाकडे किंवा करंगळीकडे, जो तंतू असेल त्याप्रमाणे. रात्रभर झोप येत नाही इतके हे दुखते. पण बहुतेकांचे शस्त्रक्रियेवाचून, दोन-तीन महिन्यांत निवळते. हातातील जोरच कमी होऊ लागला तर मात्र वाट पाहायची नसते.

आणि मज्जारज्जूच दाबला गेला तर? तर गंमत अशी, की दुखत नाही. निदान फारसे दुखत नाही. बोटे बोथट होतात. बटण, सुई, नाणे, पेन यांच्याशी भांडण सुरू होते. पाय ताठर आणि जड वाटतात. लघवीची घाई होते किंवा ती अडते. मान लववली की वीज जाते. या विजेला लेर्मित या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आहे, त्यांनी १९२४ साली तिचे वर्णन केले. हा आजार हळूहळू पायऱ्या उतरत जातो, एका पायरीवर काही महिने थांबतो, माणसाला वाटते थांबला, मग पुढची पायरी उतरतो. तो लक्षात येऊन त्याचे नाव सापडेपर्यंत अनेकांची दोनेक वर्षे गेलेली असतात. माझीही गेली होती.

एमआरआयच्या चित्रात पाचव्या आणि सहाव्या मणक्यामध्ये पांढऱ्या पाण्याचा प्रवाह तुटलेला दिसत होता आणि त्या तुटलेल्या जागी मज्जारज्जूत एक फिकट डाग होता. “मान दुखते म्हणून हे ऑपरेशन करायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “हात-पाय आहेत तिथे राहावेत म्हणून करायचं. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही.” मग त्यांनी न्हाव्याबद्दल विचारले. मी मान मोडून घेतो हे ऐकल्यावर त्या शांत माणसाचा चेहरा बदलला. अरुंद झालेल्या बोगद्यात तसा एक झटका बसला असता तर मी खुर्चीतून कदाचित उठलोच नसतो.

शस्त्रक्रिया डिसेंबरात, आगमनकाळात झाली. ती गळ्याच्या पुढच्या बाजूने करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. स्वरयंत्राकडे जाणारा एक नाजूक मज्जातंतू त्या वाटेवर असतो आणि काही रुग्णांचा आवाज काही काळ बसतो, क्वचित कायमचा. ज्याचे अर्धे जीवन आवाजावर चालते त्याला हे सांगितले गेले तेव्हा, मी कबूल करतो, पायांपेक्षा मला आवाजाची काळजी अधिक वाटली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. मी छताकडे पाहत मुठी उघडत-मिटत होतो. आणि अचानक मला मावशी आठवल्या.

मावशी म्हणजे आमच्या धर्मग्रामातील एक साठी उलटलेल्या बाई. त्यांच्या वाडीत मोगरा होता. पहाटे कळ्या खुडायच्या, गजरे बांधायचे आणि पहिल्या गाड्यांपैकी एखादीने फुले दादरला जायची, असे त्यांच्या घरचे तीस-चाळीस वर्षांचे चक्र. त्यांच्या बोटांकडे मी पुष्कळदा पाहत राहिलो आहे. बोलत असायच्या माझ्याशी, डोळे असायचे अंगणात खेळणाऱ्या नातवाकडे, आणि दोऱ्यात कळ्या आपोआप बसत जायच्या. २०१६ सालच्या फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या होत्या. ऑफिसच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “फादर, हातांत जीवच राहिला नाही बघा. कळी बोटांत धरली आहे की पडली, तेच कळत नाही. चालताना पण कोणी पाय मागे ओढतंय असं वाटतं.”

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते आणि ते आठवणे सुखाचे नाही. मी म्हणालो, “मावशी, वय झालं आता. या हातांनी किती केलं! आता त्यांना विश्रांती द्या. दुःख देवाला अर्पण करा.” मग मी त्यांच्या दोन्ही हातांवर हात ठेवून प्रार्थना केली. त्या रडल्या, माझ्या हाताचे चुंबन घेऊन गेल्या. मला वाटले, एका भगिनीला मी धीर दिला.

त्या रात्री मी जे समजलो ते साधे होते. सिस्टरांनी मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मावशींनी, मी न विचारता, माझ्या पुढ्यात ठेवले होते. हात आणि पाय दोन्ही. आणि मी ते अर्पण करायला सांगून झाकून टाकले होते. दुःखाच्या अर्पणावर माझा विश्वास आहे, आजही आहे. पण ज्याचे नाव शोधण्याचे कष्टच कुणी घेतलेले नाहीत असे दुःख अर्पण करायला सांगणे हा धर्मोपदेश नव्हे, आळस आहे. आपल्या पवित्र ग्रंथात सिराखाच्या अडतिसाव्या अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, असे दोन्ही सांगितले आहे. सेमिनरीत मी तो अध्याय परीक्षेसाठी पाठ केला होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. आवाज बसला आणि दीड महिन्याने परतला. वरच्या पट्टीतले गायन मात्र गेले ते गेलेच, यावर गायकवृंदाने फारसा शोक केला नाही. जानेवारी २०१८ मध्ये गळ्यात पट्टा घालून, एका तरुणाच्या गाडीत बसून मी मावशींच्या घरी गेलो. त्या ओटीवर खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी काठी. ऑगस्टमध्ये विहिरीपाशी पडल्या होत्या, डोक्याला टाके पडले होते. मी आजारी आहे म्हणून मला कुणी सांगितले नव्हते, अशी त्यांच्या मुलाने माझ्या वतीने सबब सांगितली. ऑगस्टमध्ये मी आजारी नव्हतो. मी विचारले नव्हते, एवढेच.

मी म्हटले, “मावशी, तेव्हा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं.”

त्या माझ्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला पण तेच झालं होय, फादर?” आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते रागाचे नव्हते. मला राग सोपा गेला असता.

मी त्यांना मूठ उघडून मिटायला सांगितले आणि घड्याळ पाहिले. दहा सेकंदांत सहा.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचीही शस्त्रक्रिया झाली, मागच्या बाजूने, कारण त्यांच्या मानेत तीन ठिकाणी दाब होता. त्यांचे डॉक्टर म्हणाले ते मी लपवणार नाही. दोन वर्षे आधी आल्या असत्या तर आपल्या पायांनी कळ्या खुडायला गेल्या असत्या. आता आजाराची वाटचाल थांबेल, थोडे परत येईल. तसेच झाले. काठी राहिली. लघवीचा त्रास पुष्कळ कमी झाला, आणि हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठे सुख होते, हे त्यांच्या सुनेने मला हळूच सांगितले. गजरा बांधणे मात्र परतले नाही.

रुग्णालयात त्या दिवसांत मी मानेची आणखीही दुखणी पाहिली आणि ती विसरलो नाही. एक विशीचा मुलगा होता, पावसाळ्यात खदाणीच्या पाण्यात डोके खाली करून उडी मारलेला. पाणी त्याला वाटले तेवढे खोल नव्हते. मित्रांनी त्याला बगलेत धरून, मान लोंबकळत ठेवून, रिक्षात घातले. पडलेल्या, आपटलेल्या माणसाची मान हलवायची नाही, तो आहे तसा सपाट ठेवून रुग्णवाहिका बोलवायची, हे आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे. क्रिकेटचे नियम त्यांना पाठ असतात. एक बाई होत्या, त्यांना रोज संध्याकाळी बारीक ताप येई, वजन उतरत चालले होते, मान रात्री झोपेतही दुखे. त्यांच्या मणक्याला क्षयाने पोखरले होते. आपल्या देशात हे विसरून चालत नाही. औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, पण बरे होते. आणि एक चाळिशीचे गृहस्थ होते. मान मोडून घेतल्यानंतर मानेच्या एका बाजूला, आजवर कधी न दुखलेले असे काही दुखू लागले, दोन दिवसांनी एकाएकी चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे. मानेतील रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटून मेंदूकडे गुठळी गेली होती. अशा वेळी तास मोजायचे असतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घरच्यांनी त्यांना आधी लिंबूपाणी दिले, मग झोपवले.

ताप, उलट्या, उजेड सहन न होणे आणि हनुवटी छातीला न टेकणारी ताठ मान, हे मेंदूज्वराचे असू शकते आणि त्याला सकाळपर्यंत थांबवता येत नाही. मान, जबडा आणि हात दुखून घाम फुटला, दम लागला, तर तिथे मानेचा काहीच संबंध नसतो, ते हृदयाचे असते. हे सारे मी त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सेच्या शेवटी, सूचनांच्या वेळी सांगितले. प्रवचनात मी इस्राएलच्या लोकांच्या ताठ मानेविषयी अनेकदा बोललो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या मानेविषयी बोललो आणि कधी नव्हे ते मागच्या बाकांवरचे पुरुषही ऐकत होते. मिस्सा संपल्यावर सात जण मला हात दाखवायला आले. मी सर्वांना मुठी मिटायला लावल्या. सहा जणांना काही नव्हते. सातवे एक केळीचे बागायतदार होते, लोंगर डोक्यावर वाहून आयुष्य गेलेले. मी डॉक्टर नाही, म्हणून काही बोललो नाही, फक्त सोमवारी सकाळी त्यांच्या मुलाला फोन केला, आणि बुधवारी पुन्हा केला, आणि ते जाऊन आले तेव्हाच थांबलो.

माझी त्या धर्मग्रामातून बदली झाली त्याला आता काही वर्षे झाली. सणाला मात्र जातो. गेल्या सणाच्या दिवशी मावशी ओटीवरच होत्या, पुढ्यात सुपात मोगऱ्याच्या कळ्या. लहान-मोठ्या निवडून त्या सुनेकडे सरकवत होत्या आणि सून बांधत होती. मला पाहताच त्यांनी सूप बाजूला ठेवले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाल्या, “घड्याळ लावा, फादर.”

त्यांच्या तेरा झाल्या. माझ्या सतरा.

“तुमचे डॉक्टर चांगले होते,” त्या म्हणाल्या.

मी म्हटले, “नाही, मावशी. मी लवकर गेलो.”

त्या काही बोलल्या नाहीत. सुपातली एक कळी उचलायचा त्यांनी प्रयत्न केला, ती निसटली, पुन्हा केला, आणि दुसऱ्या खेपेस ती उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.